आइसलँडचे तटरक्षक दल

उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या द्वीपराष्ट्राच्या किनाऱ्याचे व सागरी हद्दीचे रक्षण करणारी सरकारी यंत्रणा. स्थापना १ जुलै १९२६. देशाला स्वतःचे खडे सैन्य नसल्याने संरक्षणाची अनेक कामे याच दलाकडे आली आहेत. तरीही ते न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत असून (भारतीय तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाच्या अधीन आहे) त्याचे स्वरूप सैन्यापेक्षा सागरी पोलिसांना अधिक जवळचे आहे. महासंचालकाच्या हाताखाली गस्ती जहाजे, शोध-बचावासाठीची हेलिकॉप्टरे व टेहळणी विमान असते. सागरी नकाशे तयार करणे आणि बाँब निकामी करणे हीदेखील दलाचीच कामे असून, २००६ मध्ये अमेरिकी फौजा केफ्लाविक तळावरून गेल्यानंतर कालांतराने हवाई संरक्षणाच्या रडार यंत्रणेची जबाबदारीही त्याकडे आली.

दलाची खरी कसोटी लागली ती ‘कॉड युद्धां’त, म्हणजे कॉड माशाच्या मासेमारी हक्कांवरून ब्रिटनशी झालेल्या संघर्षांत. आइसलँडने मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० सागरी मैलांपर्यंत वाढविली. यांपैकी शेवटच्या दोन संघर्षांत मोजक्या गस्ती जहाजांनी पाण्यातून ओढलेल्या कापणी-आकड्याने ब्रिटिश ट्रॉलरांच्या जाळ्यांचे पोलादी दोर तोडले. हे साधन साधेच, पण तोफांहून परिणामकारक ठरले. १९७६ च्या करारान्वये ब्रिटनने माघार घेतली. त्या संघर्षातील ‘ओदिन’ हे गस्ती जहाज आता रेक्याविकच्या सागरी संग्रहालयात आहे.