सेंटर लॉक व्हील घरी बदलायचंय? लागणारी टूल्स आणि ६०० न्यूटन मीटरचं गणित

रील्समध्ये तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. स्पोर्ट्स कारच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट, एक माणूस गन लावतो, ‘झर्रर्र’ आवाज येतो आणि चाक बाहेर. मग मनात येतं, आपल्या गाडीला पाच बोल्ट खोलावे लागतात, इथे तर एकच आहे. म्हणजे काम पाचपट सोपं!

खरं तर उलट आहे. पाच बोल्टांचं काम एकाच नटाला करावं लागतं, म्हणून सेंटर लॉक चाक घरी बदलणं जास्त अवघड आणि जास्त जोखमीचं असतं. त्यासाठी कोणती टूल्स लागतात, का लागतात आणि यातलं आपल्या साध्या गाडीला काय उपयोगी पडतं, ते आज बघूया.

सेंटर लॉक म्हणजे काय?

साध्या कारचं चाक चार-पाच बोल्टांनी किंवा नटांनी हबला बसवलेलं असतं. सेंटर लॉकमध्ये चाकाच्या मध्यभागी एकच मोठा नट असतो. चाक फिरवण्याचा जोर हबवरच्या पिना घेतात आणि नट चाकाला हबवर घट्ट दाबून ठेवतो.

कल्पना जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या रज-व्हिटवर्थ कंपनीची तारांची चाकं अशीच बसायची. व्हिंटेज कार रॅलीत जुन्या गाड्यांच्या चाकाला मधोमध पंखांसारखा नट दिसतो ना, तो हाच. तो हातोडीने ठोकून सैल करतात. नट धावताना आपोआप सुटू नये म्हणून त्या गाड्यांत डाव्या बाजूला सरळ आटे आणि उजव्या बाजूला उलटे आटे असतात.

आज ही पद्धत मुख्यतः रेसिंगमध्ये दिसते, कारण तिथे वेळ वाचतो. २०२३ च्या कतार ग्रां प्रीमध्ये मॅक्लारेनच्या टीमने चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली होती. रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये पोर्शच्या ९११ जीटी३ आणि ९११ टर्बो एस या गाड्यांना सेंटर लॉक मिळतं.

म्हाळुंगेचा काय संबंध?

इथे म्हाळुंगे म्हणजे बालेवाडीजवळचं नाही, तर खेड तालुक्यातलं, चाकण-तळेगाव रस्त्यावरचं. बजाज ऑटोचा कारखाना इथेच आहे. फोक्सवॅगनचा आणि मर्सिडीज-बेंझचा कारखानाही याच चाकण पट्ट्यात. पोर्श ही फोक्सवॅगन समूहातलीच कंपनी, पण तिच्या गाड्या चाकणला बनत नाहीत, भारतात त्या तयार होऊनच येतात.

तरीही हा विषय इथल्या पोरांना पटकन कळेल. इथे शिफ्टला जाणाऱ्या कितीतरी जणांना ‘टॉर्क’ हा शब्द रोजचा आहे. लाइनवर नट ‘घट्ट वाटला’ म्हणून कोणी पुढे सोडत नाही. ठरलेला आकडा आला तरच तो ओके. सेंटर लॉकचं सगळं काम याच एका सवयीवर उभं आहे.

६०० चं गणित

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. फोनचा कॅल्क्युलेटर काढा: वजन किलोमध्ये × ९.८ × पान्याची लांबी मीटरमध्ये.

चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोच्या चाकाला पाच बोल्ट आणि प्रत्येकाला १२० न्यूटन मीटर. पोर्श ९११ च्या सेंटर लॉकला एकच नट आणि ६०० न्यूटन मीटर. ५ × १२० = ६००, बेरीज जुळते, पण तो योगायोग समजा. नट जितका जाड, तितका त्याच टॉर्कमध्ये आवळ कमी बसतो. म्हणून इथे आकडा मोठा लागतो.

आता हे हातात कसं जाणवतं ते बघा:

- १२० न्यूटन मीटर: ३० सेंटीमीटरच्या पान्यावर साधारण ४० किलोचा जोर.
- ६०० न्यूटन मीटर: त्याच पान्यावर २०० किलोपेक्षा जास्त जोर.
- ६०० न्यूटन मीटर, १ मीटरच्या बारवर: साधारण ६१ किलो, म्हणजे एक माणूस बारच्या टोकाला लटकल्यासारखं.

डिकीतल्या पान्याने हे होणार नाही, हे इथेच स्पष्ट होतं.

लागणारी टूल्स

१. पाऊण इंची टॉर्क रेंच. घरी किंवा बाइक गॅरेजमध्ये असतो तो अर्धा इंची रेंच बहुतेकदा २०० न्यूटन मीटरच्या आसपास संपतो. इथे ७५० किंवा १००० पर्यंत जाणारा हवा, म्हणजे ६०० हा आकडा त्याच्या मर्यादेच्या आत आरामात बसतो.

२. लांब ब्रेकर बार. नट सोडवायला हाच वापरा. टॉर्क रेंच हे मोजायचं साधन आहे. त्याने जाम नट सोडवला तर रेंचचं माप बिघडू शकतं.

३. त्या मॉडेलचाच सॉकेट, म्हणजे गॅरेजच्या भाषेतली गोटी. पोर्शच्या सेंटर लॉकमध्ये आत स्प्रिंगवरचं सुरक्षा लॉक असतं. योग्य सॉकेट बसला की ते आत दाबलं जातं आणि मगच नट फिरतो. ‘साइज जवळपास बसतेय’ म्हणून दुसरी गोटी लावली तर नट आणि लॉक दोन्हीची वाट लागते.

४. ट्रॉली जॅक आणि घोड्या. जॅक फक्त उचलायला. गाडी उभी राहणार ती घोड्यांवर. लांब बारवर अख्ख्या अंगाचा जोर टाकताना नुसत्या जॅकवरची गाडी सरकू शकते.

५. कंपनीने सांगितलेलं ग्रीस, स्वच्छ कापड आणि ब्रश. हे का लागतं ते पुढे बघू.

६. गाइड पिन. चाक चढवताना-उतरवताना ते सरळ ठेवायला. कार्बन-सिरॅमिक ब्रेक डिस्क असेल तर अलॉय चाक आदळून डिस्कची कड उडू शकते आणि ती डिस्क फार महाग असते.

७. दुसरा माणूस. हो, हेही एक टूलच समजा! नट फिरवताना चाक फिरू नये म्हणून आत बसून ब्रेक घट्ट दाबून धरायला कोणीतरी हवं. हँडब्रेकवर विसंबू नका, तो पुढच्या चाकांना लागतच नाही.

लांब बार वापरायला जागा नसेल तर टॉर्क मल्टिप्लायर हा पर्याय आहे. यात गिअर असतात. पाचपट वाढवणाऱ्या मल्टिप्लायरला १२० दिले की साधारण ६०० मिळतात. गिअरमध्ये थोडा जोर वाया जातो, म्हणून त्याच्यासोबत आलेला तक्ता बघूनच आकडा ठरवा.

काम कसं करायचं?

आधी गाडीचं हँडबुक डाउनलोड करून फोनमध्ये ठेवा. आकडा आणि क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो. साधारण पद्धत अशी:

- गाडी सपाट, टणक जागेवर लावा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अडथळे लावा.
- गाडी उचलून घोड्यांवर घ्या. आत बसलेला माणूस ब्रेक दाबेल.
- सॉकेट पूर्ण आत बसलाय का ते बघा. नट कोणत्या बाजूला सुटतो याची खूण तपासा. मग ब्रेकर बारने सोडवा.
- गाइड पिन लावून चाक सरळ बाहेर काढा.
- आटे आणि नट बसण्याची जागा पुसून घ्या. नटावर ओरखडे किंवा घासलेले आटे दिसले तर तो नट परत लावू नका.
- सांगितलेल्या जागी ग्रीसचा पातळ थर द्या.
- चाक चढवा, नट आधी हाताने फिरवा. हाताने फिरत नसेल तर तो तिरका बसलाय, काढून परत लावा.
- पोर्शच्या पद्धतीत नट ६०० ला आवळायचा, मग पाव फेरा सैल करायचा आणि पुन्हा ६०० ला आवळायचा. पहिल्यांदा आवळताना चाक आणि नट नीट जागेवर बसतात. खरा टॉर्क दुसऱ्या वेळचा.
- सॉकेट काढल्यावर आतलं लॉक पुन्हा बाहेर आलंय का ते डोळ्यांनी बघा. आलं नसेल तर गाडी हलवायची नाही.

इम्पॅक्ट गन का नको?

कारण साधी गन जोर देते, पण आकडा दाखवत नाही. रेसमध्ये गन चालते, कारण ती त्याच कामासाठी सेट केलेली असते आणि नट, हब यांची तपासणी रोज होते. आपल्याकडे तसं काही नसतं.

एका गाडीला ग्रीस हवं, दुसरीला नको. असं का?

हा भाग नीट वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. आपण लावलेल्या टॉर्कचा ढोबळमानाने फक्त दहावा भाग प्रत्यक्ष आवळायला उपयोगी पडतो. बाकीचा सगळा घर्षणात जातो, निम्मा नटाच्या तोंडाखाली आणि उरलेला आट्यांमध्ये.

सेंटर लॉकचा ६०० हा आकडा ग्रीस लावलेल्या नटासाठी ठरवलेला आहे. कोरड्या नटावर रेंच ६०० ला ‘टक’ करेल, पण चाक पुरेसं दाबलं गेलेलं नसेल. पोलोसारख्या गाडीचा १२० हा आकडा कोरड्या, स्वच्छ बोल्टसाठी आहे. तिथे तेल लावलं तर त्याच १२० मध्ये बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणजे टूल बरोबर, आकडा बरोबर, तरी काम चूक!

आपल्या गाडीसाठी काय शिकायचं?

तुमच्याकडे पोर्श नसेल, माझ्याकडेही नाही. पण पंक्चर तर सगळ्यांच्याच गाडीचं होतं. पंक्चर काढल्यावर चाक बऱ्याचदा गनने आवळलं जातं आणि आपण पैसे देऊन निघतो. मग कधी बोल्ट इतका जाम बसतो की रात्री चाकण-तळेगाव रस्त्यावर स्टेपनी लावायची वेळ आली तर सुटत नाही. कधी एखादा सैल राहतो आणि चाक थरथरायला लागतं. म्हणून अर्धा इंची टॉर्क रेंच घरी असणं फायद्याचं आहे. बोल्ट ताऱ्याच्या आकारात, म्हणजे समोरासमोरचे, हँडबुकमधल्या आकड्याला आवळा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रस्त्यात सेंटर लॉक गाडी पंक्चर झाली तर?*
९११ मध्ये साधारणपणे स्टेपनी नसते. टायर सीलंट आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. तेवढ्याने भागलं नाही तर फ्लॅटबेड टो बोलवा. रस्त्याच्या कडेला ६०० न्यूटन मीटरचा प्रयोग करू नका.

*बारला पाईप जोडून अंदाजे आवळलं तर चालेल?*
सोडवताना एकवेळ चालेल. आवळताना अजिबात नाही.

*टॉर्क रेंच कायम बरोबर दाखवतो का?*
नाही. नेहमीचा नियम म्हणजे १२ महिने किंवा ५००० वेळा वापर, यातलं जे आधी होईल तेव्हा कॅलिब्रेशन. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांसाठी हे काम करणाऱ्या लॅब आहेत, तिथे चौकशी करा. क्लिक टाइप रेंच काम झाल्यावर सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, म्हणजे आतल्या स्प्रिंगवर ताण राहत नाही.

थोडक्यात

एकच नट आहे म्हणजे चुकलं तर सांभाळून घ्यायला दुसरा नाही. पाचपैकी एक बोल्ट सैल राहिला तर उरलेले चार थोडा वेळ तरी तग धरतात, इथे तशी सोय नाही. योग्य सॉकेट, ६०० मोजणारा रेंच, घोड्या, ग्रीस आणि ब्रेकवर एक माणूस, यातलं एक जरी नसेल तर नटाला हात लावू नका. आणि पुढच्या वेळी पंक्चर काढून घरी आलात की आधी आपल्याच गाडीचे बोल्ट एकदा टॉर्क रेंचने तपासा.