नमुन्याचे चार भाग : जे. जे. रुग्णालयापासून बंगळुरूपर्यंत

नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातील बळ्ळारी येथे सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर काही मातांची प्रकृती अचानक ढासळली. पाच माता दगावल्या. संशय त्यांना शिरेतून दिलेल्या ‘रिंगर लॅक्टेट’ या सलाइनवर गेला. हे सलाइन पश्चिम बंगालमधील एका कंपनीचे होते आणि बंगळुरूस्थित राज्य वैद्यकीय पुरवठा महामंडळामार्फत ते रुग्णालयात पोहोचले होते. नोव्हेंबर संपण्यापूर्वी राज्याच्या औषध नियंत्रकांना निलंबित करण्यात आले. परंतु या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट मृत्यूंच्या आधीच घडून गेली होती. याच कंपनीच्या सलाइनच्या काही बॅचेस राज्याच्या प्रयोगशाळांनी अप्रमाणित ठरवल्या होत्या आणि त्यांतील काही बॅचेस केंद्रीय प्रयोगशाळेने प्रमाणित ठरवल्या होत्या.

एकाच औषधाबाबत दोन सरकारी प्रयोगशाळांचे दोन निर्वाळे कसे येतात? आणि त्यांपैकी कोणता ग्राह्य धरायचा? या प्रश्नांची मुळे जवळजवळ शंभर वर्षे मागे जातात.

१९३० साली ब्रिटिश सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. त्या काळी बाजारात भेसळयुक्त औषधांचा सुळसुळाट होता. हिवतापावरील क्विनाइनसारख्या जीवरक्षक औषधाच्या शुद्धतेचीही खात्री नव्हती. समितीने १९३१ साली अहवाल दिला आणि देशव्यापी कायद्याची शिफारस केली. प्रत्यक्षात कायदा झाला तो १९४० साली. आजही देशातील औषध नियंत्रण प्रामुख्याने याच कायद्यावर उभे आहे. त्याने कामाची विभागणी केली. आज नव्या औषधांना मंजुरी, आयात आणि चिकित्सालयीन चाचण्या केंद्राकडे आहेत. कारखान्यांना उत्पादन परवाने देणे, दुकानांची तपासणी करणे आणि नमुने घेणे ही कामे मुख्यतः राज्यांकडे आहेत. परवाना एका राज्याचा असला तरी औषध देशभर विकता येते. औषधाला राज्याची सीमा आडवी येत नाही, निरीक्षकाला मात्र ती येते.

या विभागणीची किंमत महाराष्ट्राने १९८६ साली मोजली. त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांची लघवी अचानक बंद झाली. हे रुग्ण वेगवेगळ्या विकारांसाठी दाखल झाले होते. त्यांच्यात समान धागा एकच होता : मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरीन पाजले गेले होते. चौदा रुग्ण मृत्युमुखी पडले. त्या ग्लिसरीनमध्ये सुमारे १८.५ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघाले.

हा पदार्थ ग्लिसरीनसारखाच दाट, रंगहीन आणि गोडसर असतो. तो ग्लिसरीनपेक्षा स्वस्त असून उद्योगांत द्रावक म्हणून वापरला जातो. शरीरात गेल्यावर यकृतातील विकरे त्याचे रूपांतर करतात. त्यातून तयार होणारे डायग्लायकॉलिक आम्ल मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी नष्ट करते. डोळ्यांना, नाकाला वा जिभेला फरक कळत नाही, पण प्रयोगशाळेतील साध्या चाचणीला तो कळतो. म्हणूनच जे. जे.मधील मृत्यू हे विज्ञानाच्या अपुरेपणाचे मृत्यू नव्हते. हा धोका जगाला १९३७ पासून ठाऊक होता. त्या वर्षी अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध याच द्रावकात विरघळवून ‘एलिक्झिर’ म्हणून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता तपासण्याचे बंधन तोवर तेथे नव्हते. ‘एलिक्झिर’ म्हणवून घेणाऱ्या औषधात मद्यार्क नाही, म्हणजे नाव चुकीचे आहे, एवढ्याच कारणावरून तो साठा जप्त करता आला. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, अमेरिकेने कायदा बदलला.

मुंबईतील घटनेच्या चौकशीसाठी महाराष्ट्र शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला. आयोगाने एका पिंपावर बोट ठेवून काम संपवले नाही. औद्योगिक दर्जाचे ग्लिसरीन औषध म्हणून रुग्णालयाच्या फार्मसीत कसे आले, खरेदी कोणी मंजूर केली, ते तपासले का गेले नाही, अन्न व औषध प्रशासनातील अधिकारी काय करत होते आणि त्यांच्या कामात मंत्र्यांचा हस्तक्षेप कसा होत होता, या साऱ्या साखळीचा आयोगाने माग काढला. १९८८ साली अहवाल प्रसिद्ध झाला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. मुंबईचे मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या प्रकरणावर लिहिले आणि मुंबईची ही शोकांतिका जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली.

लेंटिन अहवालाचे सार एका वाक्यात सांगता येईल : कायदा होता, प्रयोगशाळा होती, अधिकारी होते, मात्र रुग्णाच्या तोंडी औषध जाण्यापूर्वी ते तपासणे ही कोणा एकाची जबाबदारी उरली नव्हती.

त्यानंतर सुधारणेचे प्रयत्न झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ साली एका सक्षम केंद्रीय औषध प्रशासनाची आणि परवाना पद्धतीच्या एकसूत्रीकरणाची शिफारस केली. त्या दिशेने २००७ साली संसदेत विधेयक आले, २०१३ साली दुसरे आले. दोन्हींचे कायद्यात रूपांतर झाले नाही. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी २०१० साली देशव्यापी औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वयन करतो. परंतु परवाना एका राज्याचा, रुग्ण दुसऱ्या राज्याचा, हे चित्र पालटले नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक मुलांचा बळी घेतला. अनेक मुलांवर नागपुरात उपचार झाले होते. औषध तामिळनाडूत बनलेले होते. तेथील प्रयोगशाळेला त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. जे. जे.नंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी विष तेच होते.

आता पुन्हा कर्नाटकातील त्या दोन निर्वाळ्यांकडे वळावे. १९४० च्या कायद्यात त्यांचा उलगडा आहे. औषध निरीक्षक विक्रेत्याकडून नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो. एक विक्रेत्याकडे राहतो, एक शासकीय विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी राखला जातो आणि एक उत्पादकाला पाठवला जातो. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसल्यास २८ दिवसांत हरकत घेता येते. मग राखीव भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो आणि तिचा अहवाल अंतिम पुरावा मानला जातो. ही तरतूद न्याय्यच आहे. चुकीच्या चाचणीपायी प्रामाणिक उत्पादक उद्ध्वस्त होऊ नये, म्हणून ती आहे.

पण या तरतुदीमागे एक गृहीतक दडलेले आहे : चारही भाग सारखेच असतात. ग्लिसरीनच्या पिंपात मिसळलेल्या विषाच्या बाबतीत ते बहुधा खरे असते, कारण ते सर्वत्र पसरलेले असते. सलाइनमधील जंतूंचे तसे नसते. हजारो बाटल्यांच्या बॅचमध्ये मोजक्याच बाटल्या दूषित असू शकतात. म्हणून निर्जंतुकतेच्या चाचणीत एक बाटली नापास होणे आणि दुसरी उत्तीर्ण होणे, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. दुसऱ्या बाटलीचा चांगला निकाल पहिल्या बाटलीतील दोष पुसून टाकत नाही. न्यायालयाला एक अंतिम उत्तर हवे असते. प्रसूतिकक्षाला मात्र संशय पुरेसा असतो, कारण तेथे चूक झाल्यास अपील करता येत नाही.

म्हणून नियामकाची खरी कसोटी अंतिम अहवालावर लागत नाही. दोन अहवाल परस्परविरोधी आले की साठ्याचे काय करायचे, या निर्णयावर ती लागते. कारखान्यातील निर्जंतुकीकरणाच्या नोंदी पाहायला कोण जाणार, तोवर बाटल्या गोदामात कुलूपबंद राहणार की वॉर्डात जाणार, आणि एका राज्याला आलेला संशय दुसऱ्या राज्याला त्याच दिवशी कळणार का? लेंटिन आयोगाने मुंबईत जी तुटलेली साखळी दाखवली होती, ती याच प्रश्नांची होती. बंगळुरूलाही अखेर त्याच प्रश्नांना सामोरे जावे लागले.