पुढच्या माणसासाठी

जिंतूर तालुक्यातल्या बोरी गावी, माझ्या कपाटात एक जुनी सीडी आहे. चारठाण्याच्या देवळांवरची माझी टिपणे तिच्यावर आहेत. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका विकतच्या फॉन्टमध्ये ती टाइप करून घेतली होती. फाइल आजही उघडते. पण पडद्यावर दिसतो तो रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता खच. कारण साधे आहे. तसल्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट गेला, तसा मजकूरही गेला. देवळे मात्र उभी आहेत.

त्या फॉन्टला दोष देण्यात अर्थ नाही. पान नीट छापून निघावे, एवढेच त्याचे उद्दिष्ट होते आणि ते पुरे झाले. मजकूर वीस वर्षांनी दुसऱ्याला वाचता यावा, हे कुणी ठरवलेच नव्हते.

1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. पण क्रमांक म्हणजे आकार नव्हे. आकार देणारा, कुणालाही वापरता येईल असा फॉन्ट हवा होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले काही भारतीय लिप्यांचे फॉन्ट 2004 मध्ये रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केले. नाव ‘लोहित’, म्हणजे तांबडा.

आरंभीचे उद्दिष्ट जवळचे होते: लिनक्सच्या पडद्यावर आपली अक्षरे दिसावीत. लांबचा विचार पुढे तीन टप्प्यांत दिसतो. 2011 मध्ये परवाना बदलून खास फॉन्टसाठी असलेला मुक्त परवाना घेतला गेला. हिंदी, मराठी, कोंकणी यांचे वेगवेगळे फॉन्ट एका देवनागरी फॉन्टमध्ये आणले गेले. एक दुरुस्ती अनेक ठिकाणी करण्याची गरज उरली नाही. आणि ‘लोहित-2’मध्ये अक्षरजोडणीचे नियम माणसाला वाचता येतील अशा स्वतंत्र फाइलमध्ये मांडण्याचे काम हाती घेतले गेले.

या तिसऱ्या कामाने पडद्यावर नवे अक्षर येत नाही, म्हणून असली कामे नेहमी मागे पडतात. पण मराठीपुरते पाहा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. फरक फक्त र कसा जोडला जातो याचा. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 मध्ये. मराठी वळणाचे ल आणि श शासनाने 2009 च्या निर्णयात प्रमाण ठरवले. दर वेळी फॉन्टमध्ये बदल करावा लागतो. जोडणीचे नियम एकाच कारागिराच्या डोक्यात असतील, तर तो गेल्यावर बदल करणार कोण?

हा प्रश्न महाराष्ट्राने संगणकाआधीही सोडवला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने (तिची इंग्रजी आद्याक्षरे सलग वाचली की माझ्याच गावाचे नाव होते!) 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला हात घातला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी लाख रुपयांचे वचन दिले होते. 1923 मध्ये विराटपर्वाची कच्ची आवृत्ती काढून विद्वानांकडून टीका मागवली गेली. 1925 पासून वि. सी. सुखटणकर प्रमुख संपादक झाले. संहिता कोणत्या तत्त्वांवर ठरवायची, हे त्यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले. 1943 मध्ये ते गेले. त्यांच्यामागे श्री. कृ. बेलवलकर, मग प. ल. वैद्य आले आणि 1966 मध्ये काम तडीस गेले. नाकारलेले पाठही तळटीपांत जपले गेले, म्हणजे पुढच्याला निर्णय तपासता यावा. उद्दिष्ट माणसांपेक्षा दीर्घायुषी ठरले, कारण ते कागदावर होते.

मात्र दोन्हींत एक फरक आहे. महाभारतामागे संस्था होती. लोहितची देखभाल मुख्यतः एका कंपनीच्या पगारी माणसांनी केली. मुक्त परवाना कुणालाही काम पुढे नेण्याची मुभा देतो. माणूस देत नाही. म्हणून मुक्तस्रोत प्रकल्पाने लांबचे उद्दिष्ट ठरवताना ‘काय करायचे’ याच्या शेजारी ‘आपल्यामागे कोण करणार, त्याला कोण शिकवणार आणि त्याचे पोट कसे भरणार’ हेही लिहायला हवे. आपली विद्यापीठे हे काम अंगावर घेऊ शकतात. मराठी अक्षरांची निगा हेही मराठीचेच काम आहे.

माझ्या हस्तलिखित वह्या शाबूत आहेत. चारठाण्याची टिपणे पुन्हा टाइप करायला घेतली आहेत, या वेळी युनिकोडमध्ये. शेवटच्या पानावर फॉन्टचे नाव आणि त्याचा परवानाही नोंदवणार आहे.