स्वराज्यरक्षक संभाजी

झी मराठी वाहिनीवरील ऐतिहासिक मालिका. पहिला भाग २४ सप्टेंबर २०१७ रोजी आणि अखेरचा २९ फेब्रुवारी २०२० रोजी प्रक्षेपित झाला. विषय छत्रपती संभाजी महाराजांचे (१४ मे १६५७ – ११ मार्च १६८९) चरित्र. लेखन प्रताप गंगावणे यांचे, दिग्दर्शन कार्तिक केंढे यांचे, निर्मिती जगदंब क्रिएशन्सची. संभाजी महाराजांची भूमिका डॉ. अमोल कोल्हे यांनी केली. २००८ साली स्टार प्रवाहवर सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’मध्ये ते शिवाजी महाराज झाले होते. बाप आणि लेक अशा दोन्ही छत्रपतींच्या भूमिकांमुळे त्यांचा चेहरा मराठी घराघरांत ओळखीचा झाला.

मालिकेचे नाव एका राजाचे आहे. पण तिच्यातला मोलाचा भाग दोन प्रकारच्या माणसांनी व्यापला आहे. नाव लपवून शत्रूच्या गोटात वावरणारे हेर आणि शिपाई हा एक प्रकार. दुसरा प्रकार गडावर, वाड्यावर त्यांची वाट पाहत कारभार रेटणाऱ्या बायकांचा. इतिहासाची साधने नेमकी याच दोघांविषयी सर्वांत कमी बोलतात. लढाईची तारीख शकावलीत मिळते, तहाची कलमे कागदावर सापडतात, पण हेराने लिहून ठेवायचे नसते आणि घरातल्या बाईचे कोणी लिहून ठेवले नाही. ही उणीव भरायला मालिकेला कल्पनेची मदत घ्यावी लागली, आणि तिथेच तिचे बळही दिसते.

गुप्त मोहिमेवरचे सैनिक आणि त्यांचे घर ही जोडी जगभरच्या दूरचित्रवाणीला आवडत आली आहे. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवरच्या ‘द युनिट’ (२००६–२००९) या डेव्हिड मॅमेट यांच्या मालिकेत निम्मी गोष्ट मोहिमेवरच्या जवानांची आणि निम्मी त्यांच्या बायकांची होती. नवरा कुठे गेला आहे हे शेजारणीलाही सांगायचे नाही, हा त्या बायकांचा नेम. मराठीत ‘लागिरं झालं जी’ (झी मराठी, २०१७–२०१९) या मालिकेने साताऱ्याकडच्या फौजीचे घर दाखवले. तिथला नायक मात्र उघड गणवेशातला. सतराव्या शतकातील गुप्त कामगिरी आणि तिची घरातली किंमत इतक्या विस्ताराने मांडण्याचा मान प्रस्तुत मालिकेला द्यावा लागतो.

हेरांचे जाळे : शिवकालीन हेरखाते म्हटले की पहिले नाव बहिर्जी नाईक यांचे. सभासद बखरीत सुरतेच्या स्वारीच्या (१६६४) संदर्भात बहिर्जी जाधव यांचा उल्लेख येतो. उरलेली माहिती बहुतेक परंपरेतली. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. एवढ्या मोठ्या कामाच्या माणसाचे चरित्र चार ओळींत संपते, यावरून या खात्याच्या कागदोपत्री दारिद्र्याची कल्पना यावी. वेशांतर, खुणेची बोली, निरोपाची साखळी यांविषयी मराठी कादंबऱ्यांनी आणि मालिकांनी जे रंगवले आहे, त्यातले फारच थोडे साधनांवर पडताळून पाहता येते.

कोंडाजी फर्जंद प्रकरण : मालिकेतील सर्वांत परिणामकारक उपकथा. मार्च १६७३ मध्ये अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेणारे कोंडाजी फर्जंद हे शिवकाळातले नावाजलेले वीर. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी, १६८१-८२च्या सुमारास, जंजिऱ्याच्या सिद्दीचा उपद्रव वाढला, तेव्हा त्यांच्यावर वेगळीच कामगिरी आली. राजाशी बिनसल्याचे सोंग करायचे, सिद्दीकडे आश्रय मागायचा, किल्ल्यात राहून विश्वास मिळवायचा आणि आतून दारूकोठार उडवून द्यायचे. बाहेरून जंजिरा पडत नव्हता, म्हणून तो आतून फोडण्याचा हा बेत. बेत जवळजवळ तडीस गेला होता. आतल्याच एका दासीमुळे तो फुटला, असे इंग्रजी कागदांवर आधारलेले जुने इतिहासग्रंथ सांगतात. कोंडाजी मारले गेले. पुढे महाराजांनी जंजिऱ्याला स्वतः वेढा घातला आणि समुद्रात भराव टाकून वाट बांधायचे काम दादाजी रघुनाथ देशपांडे यांच्या देखरेखीखाली सुरू केले. मोगलांची फौज कोकणात उतरल्याने ते अर्धवट राहिले.

आनंद काळे यांनी साकारलेले कोंडाजी अनेक प्रेक्षकांच्या आजही ध्यानात आहेत. याचे कारण लढाईच्या दृश्यांत शोधू नये. ‘फितूर’ हा शिक्का स्वखुशीने कपाळी मारून घेणे हा या कामगिरीचा गाभा आहे. सोंग खरे वाटायचे तर ते आपल्या माणसांनाही खरे वाटले पाहिजे. आयुष्यभर निष्ठेने कमावलेले नाव एका रात्रीत मातीत घालायचे, आणि कामगिरी फसली तर खुलासा करायलाही कोणी उरत नाही. तलवारीच्या जखमेपेक्षा ही जखम खोल आहे. ऐतिहासिक मालिकांनी घोडदौडी पुष्कळ दाखवल्या आहेत; असा एकटेपणा क्वचित दाखवला आहे. कोंडाजींच्या घरच्यांविषयी साधनांत काहीच मिळत नाही.

घर आणि कारभार : संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई यांची भूमिका प्राजक्ता गायकवाड यांनी केली. मालिकेतील येसूबाई नुसत्या वाट पाहत नाहीत, त्या राज्य चालवतात. याला आधार आहे. महाराज मोहिमेवर असताना कारभाराचे अधिकार त्यांच्याकडे असत, आणि ‘श्री सखी राज्ञी जयति’ हा त्यांचा शिक्का प्रसिद्ध आहे. राजाची गुपिते जिला ठाऊक असतात आणि तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नसते, अशी ही गृहिणी. शत्रूच्या गोटात गेलेल्या माणसाचे नाव माहीत असणे हासुद्धा एक भार असतो, आणि मालिकेतील गडावरच्या प्रसंगांना त्या भारामुळेच धार आली आहे. महाराजांची बहीण राणूअक्का (अश्विनी महांगडे), सावत्र आई पुतळाबाई (पल्लवी वैद्य), आजी जिजाऊ (प्रतीक्षा लोणकर) या पात्रांमुळे राजवाड्यातल्या स्त्रियांचे एक पूर्ण जग उभे राहते. दुसऱ्या सावत्र आई सोयराबाई यांचे (स्नेहलता वसईकर) चित्रण पूर्वसुरींनी आखलेल्या वाटेनेच जाते.

येसूबाई हे नाव संगमेश्वर तालुक्याला विशेष जवळचे. त्या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांची कन्या. शृंगारपूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव याच तालुक्यात मोडते, आणि त्याच्या माथ्यावर प्रचितगड उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६१ साली सुर्वे यांच्याकडून शृंगारपूर घेतले. त्यानंतर शिर्के घराण्याशी दुहेरी सोयरीक झाली : पिलाजीरावांची मुलगी भोसल्यांकडे आली आणि शिवाजी महाराजांची मुलगी राजकुंवर पिलाजीरावांचे पुत्र गणोजी यांना दिली. १६७६ साली थोरले महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर निघाले तेव्हा युवराज संभाजी शृंगारपुरात राहिले. त्यांचे इथले वास्तव्य १६७८पर्यंतचे. मुलगी भवानीबाई यांचा जन्म याच काळातला. मराठी नाटकांनी आणि कादंबऱ्यांनी या दोन वर्षांकडे, युवराज पुढे मोगलांकडे गेले त्या वादळाची नांदी म्हणून पाहिले. वास्तविक राजघराण्यातील एका दांपत्याला साधा संसार लाभला तो एवढाच, म्हणून ही वर्षे स्वतंत्र लक्ष देण्याजोगी आहेत.

संगमेश्वरचा प्रसंग : मालिकेचा कळस. शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावरचे कसबा हे त्या काळी वर्दळीचे ठाणे होते. तिथले काळ्या दगडातले कर्णेश्वराचे देऊळ ही बाराव्या शतकाच्या आगेमागची वास्तू आजही उभी आहे. दगडी खांबांवरचे बारीक कोरीवकाम जवळ जाऊन पाहिले की लक्षात येते, हे आडरान नव्हते. पैसा, कारागीर आणि वाटा असलेले गाव होते. सह्याद्रीचे घाट उतरून येणाऱ्या वाटा इकडे येत आणि खाडीमार्गे पुढे बंदरांकडे जात. राजाने मुक्काम करावा असेच हे ठिकाण. आज तालुक्याचे मुख्य ठिकाण देवरुख असले आणि कोकण रेल्वेचे स्थानक ‘संगमेश्वर रोड’ या नावाने ओळखले जात असले, तरी इतिहासाच्या पानावरचे संगमेश्वर म्हणजे हा कसबा.

१६८८च्या अखेरीस महाराजांचे विश्वासू सल्लागार कवी कलश आणि शिर्के यांच्यात संघर्ष पेटला. कलशांच्या मदतीला महाराज आले, मग विशाळगडावर गेले आणि तिथून परतताना संगमेश्वरी थांबले. मोगल सरदार मुकर्रबखान तेव्हा कोल्हापूरकडे होता. त्याच्या जासुदांनी महाराजांचा ठावठिकाणा त्याला कळवला. निवडक स्वार घेऊन, मुलगा इखलासखान याच्यासह, अवघड घाट उतरून त्याने अचानक छापा घातला. १ फेब्रुवारी १६८९ रोजी महाराज आणि कवी कलश पकडले गेले. संताजी घोरपडे यांचे वडील म्हाळोजी घोरपडे इथल्याच चकमकीत पडले.

या प्रसंगाकडे हेरगिरीची लढाई म्हणून पाहिले पाहिजे, आणि आजवर तसे फारसे पाहिले गेलेले नाही. मोगलांची खबर अचूक होती आणि वेळेवर पोहोचली. मराठ्यांच्या बाजूला काय घडले? मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की हरकाऱ्यांनी शत्रू येत असल्याची बातमी महाराजांना दिली होती, पण ती खरी मानली गेली नाही. खाफीखान विरोधी पक्षाचा आणि घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिणारा. महाराजांविषयी त्याची भाषा द्वेषाची आहे, म्हणून हे विधान जसेच्या तसे घेता येत नाही. तरी त्यातून एक गोष्ट ध्वनित होते. त्या सकाळी सह्याद्रीच्या वाटांवर कोणी निनावी माणसे जिवाच्या आकांताने धावली असतील. त्यांची नावे कुठेही नाहीत. जवळजवळ अडीच वर्षे हेरांची थोरवी सांगत आलेल्या मालिकेला या टप्प्यावर त्या धावणाऱ्यांसाठी आणखी जागा देता आली असती. तिने भर दिला तो गणोजी शिर्के यांच्या फितुरीवर.

ही फितुरी कोणाची याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. गणोजींचे नाव रूढ आहे, तर पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर फ्रान्स्वा मार्टिन याच्या रोजनिशीचा रोख दरबारातल्या कारभाऱ्यांकडे जातो. शिर्के घराण्याच्या वंशजांना रूढ चित्रण मान्य नाही. २०२५च्या ‘छावा’ या हिंदी चित्रपटाच्या वेळी त्यांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी त्यांच्याकडे दिलगिरी व्यक्त केली. येसूबाईंच्या बाजूने विचार केला तर हा वाद निव्वळ कागदाचा राहत नाही. नवरा पकडला गेला तो माहेरच्या मुलुखात, आणि बोट दाखवले गेले ते सख्ख्या भावाकडे.

मालिका औरंगजेबाच्या कैदेत झालेल्या महाराजांच्या मृत्यूशी थांबते. येसूबाईंचा खरा कसोटीचा काळ तिथून पुढचा. महाराजांचे सावत्र भाऊ राजाराम यांना गादीवर बसवून रायगडाबाहेर काढण्याच्या निर्णयामागे त्या होत्या. स्वतः लहानग्या शाहूसह त्या गडावर राहिल्या. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. शाहूंची सुटका १७०७ साली झाली. येसूबाई पेशवे बाळाजी विश्वनाथांच्या दिल्ली स्वारीनंतर १७१९ साली दक्षिणेत परतल्या. तीस वर्षांच्या या कैदेवर एक स्वतंत्र मालिका होऊ शकते. जगदंब क्रिएशन्सची नंतरची ‘स्वराज्य सौदामिनी ताराराणी’ (सोनी मराठी, २०२१) पुढच्या काळाकडे वळली, पण तिचा केंद्रबिंदू राजारामांच्या पत्नी ताराबाई.

आधार आणि पूर्वपरंपरा : मराठी रंगभूमीने संभाजी महाराजांना दीर्घकाळ व्यसनी, उतावळा राजपुत्र म्हणून रंगवले. राम गणेश गडकरी यांचे अपूर्ण नाटक ‘राजसंन्यास’ हे त्याचे ठळक उदाहरण. वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० सालच्या चरित्रग्रंथाने हे चित्र मुळापासून बदलले. कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ने त्या बदलाला बळकटी दिली. ललित साहित्यात वसंत कानेटकरांची ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’ ही नाटके, शिवाजी सावंत यांची ‘छावा’ (१९७९) आणि विश्वास पाटील यांची ‘संभाजी’ या कादंबऱ्या महत्त्वाच्या. मालिका बेंद्रे यांनी घालून दिलेल्या बाजूला उभी आहे. एका विद्वानाने जन्मभर कागद तपासून जे सिद्ध करत आणले, ते ग्रंथालयाची पायरी न चढलेल्या लाखो घरांत मालिकेने पोहोचवले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

इतर भूमिका : शिवाजी महाराज – शंतनू मोघे, औरंगजेब – अमित बहल.

वाद : अखेरच्या भागांतील छळाची दृश्ये किती आणि कशी दाखवावीत यावर प्रक्षेपणाच्या शेवटी चर्चा झाली. मालिका सुरू असतानाच, २०१९ साली, कोल्हे राष्ट्रवादी काँग्रेस पक्षातर्फे शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. महाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक शिरूर तालुक्यातच आहे. महाराजांना ‘स्वराज्यरक्षक’ म्हणावे की ‘धर्मवीर’, हा वाद २०२२च्या डिसेंबरात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांच्या विधानसभेतील वक्तव्यानंतर पेटला.

नंतरचे : कोल्हे आणि प्राजक्ता गायकवाड यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ या महानाट्यात याच भूमिका मैदानी रंगमंचावर केल्या. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात संगमेश्वर येथे संभाजी महाराजांचे स्मारक उभारण्याची घोषणा झाली. त्या स्मारकात म्हाळोजी घोरपडे यांना आणि शृंगारपूरच्या येसूबाईंना ठळक स्थान मिळावे.