जुन्या आउटबोर्डच्या प्लगची कुळकथा

स्पार्क प्लगचं कूळ पॅरिसचं. १८६० साली एतिएन लेन्वारने गॅसवर चालणारं इंजिन बांधलं आणि आत ठिणगी पाडायला चिनी मातीतून तार नेली. वीज धातूला लागू द्यायची नाही आणि आतला भडका बाहेर येऊ द्यायचा नाही, ही दोन्ही कामं त्या मातीने केली. पुढे १९०२ साली बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि प्लगला भरवशाची ठिणगी मिळाली.

प्लगचे खरे हाल पाण्यावर झाले. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ साली अमेरिकेत, मिल्वॉकीला, होडीच्या मागच्या फळीवर अडकवायचं दीड अश्वशक्तीचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, तयार केलं. अशा टू-स्ट्रोक इंजिनात प्लगला प्रत्येक फेऱ्याला ठिणगी द्यावी लागते आणि पेट्रोलमध्येच ऑइल कालवलेलं असतं. गळ टाकून तासन्‌तास इंजिन मंद चाललं की प्लगचं टोक गार राहतं, कार्बन धरतं आणि वीज त्या काजळीतूनच निसटते. मेकॅनिक म्हणतात, प्लग शॉर्ट झाला.

टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तर काजळी आपसूक जळते. अती तापलं तर मिश्रण ठिणगीआधीच पेटतं आणि पिस्टन जातो. आतल्या मातीचं नाक लांब तो गरम प्लग, आखूड तो थंड. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या कित्येक इंजिनांना चॅम्पियन कंपनीचा जे६सी लागतो. इथे सांभाळा: चॅम्पियनचा आकडा चढला की प्लग गरम होत जातो, एनजीकेचा चढला की थंड. म्हणून नुसता आकडा जुळवून प्लग घेऊ नका, तुलनेचा तक्ता पाहा.

१९६०च्या दशकात कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन आलं आणि सोबत वाकडी दांडी नसलेले सरफेस-गॅप प्लग आले. ते फार थंड असतात. या इग्निशनसारखा झटकन चढणारा विजेचा दाब मिळाला तरच काजळीला चुकवून पेटतात. पॉइंटवाल्या मॅग्नेटोत दाब सावकाश चढतो, तिथे ते बसवूच नयेत. माझ्या मते कंपनीच्या नावापेक्षा इंजिनाचं साल आणि त्याचं मॅन्युअल महत्त्वाचं.

देखभाल थोडीच: गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा, जे६सीला बहुधा ०.०३० इंच म्हणजे पाऊण मिलिमीटर. वाळूच्या फवाऱ्याने प्लग कधीही साफ करू नका. नाकाभोवतीच्या फटीत अडकलेले कण सिलिंडरमध्ये पडतात आणि त्याची भिंत खरवडतात. त्यापेक्षा नवा प्लग स्वस्त पडतो.