झाओ ऑन्सेन

जपानच्या होन्शू बेटावरील गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव व देशातील एक मोठे स्की-केंद्र. यामागाता व मियागी या प्रांतांच्या सीमेवर झाओ ही ज्वालामुखी पर्वतराजी आहे. तिच्या पश्चिम उतारावर वसलेले हे गाव यामागाता शहराच्या हद्दीत मोडते. कुमानोदाके (१,८४१ मी.) हे पर्वतराजीतील सर्वोच्च शिखर. टोकियोहून शिनकान्सेन रेल्वेने अडीच-तीन तासांत यामागाता गाठता येते. तेथून बसने सुमारे ४० मिनिटे लागतात.

गावात पाऊल ठेवताच गंधकाचा वास येतो. झऱ्यांचे पाणी तीव्र आम्लधर्मी (पीएच सुमारे १.५) असून डोळ्यांत गेल्यास झोंबते. त्याने चांदीही काळी पडते, म्हणून अंगठी-साखळी खोलीवरच काढून ठेवावी. कामियु, शिमोयु व कावारायु ही जुनी सार्वजनिक स्नानगृहे वर्षभर चालतात; ओढ्याकाठचे उघड्यावरचे मोठे स्नानकुंड मात्र हिवाळ्यात बंद असते. दुकानांतून काडीला टोचलेले कोन्न्याकूचे गरम गोळे मिळतात. कोन्न्याकू हा आपल्या सुरणाच्याच कुळातला कंद. पण सोया सॉसमध्ये हे गोळे शिजवताना त्यात पुष्कळदा सुके माकूलही घालतात, तेव्हा शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावे.

स्कीचे उतार माथ्यापासून पायथ्यापर्यंत सुमारे ८८० मी. उतरतात. सर्वांत लांब मार्ग सुमारे १० किमी. असून तो नवशिक्यालाही झेपतो. ‘योकोकुरा’ची भिंत मात्र ३८ अंशांपर्यंत उभी आहे, तिथे कसलेल्यांनीच जावे. महिलांच्या स्की-उडीच्या विश्वचषक स्पर्धाही येथे होतात.

तरीही झाओची खरी ख्याती माथ्यावरच्या ‘जुह्यो’ची, म्हणजे बर्फाने मढून राक्षसासारख्या दिसणाऱ्या झाडांची. ती पाहायला स्की येण्याची गरज नाही. दोन टप्प्यांच्या रोपवेने कोणीही १,६६१ मी. उंचीवरील जिझो स्थानकापर्यंत जाऊ शकतो. तेथे १७७५ साली उभारलेली जिझो या बोधिसत्त्वाची दगडी मूर्ती भर हिवाळ्यात गळ्यापर्यंत बर्फात बुडालेली असते. सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेतात आणि वाटेतल्या डोंगरांवर बरेचसे बर्फ टाकून झाओवर येतात. त्यांतील थेंब शून्याखालीही द्रवरूप असतात, पण फर वृक्षाच्या पानांवर आदळताच गोठतात. हा थर वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे वाढत जातो. फटींत हिमकण भरून घट्ट होतात आणि अखेर झाड दिसेनासे होते. फेब्रुवारी हा पाहण्याचा उत्तम काळ. वारा फार असला की वरचा टप्पा बंद ठेवतात, म्हणून एक मुक्काम जास्तीचा धरावा.

फर वृक्षाची ‘आओमोरी तोदोमात्सु’ ही जात हिवाळ्यातही पाने टिकवते, म्हणूनच हे रूप घडते. २०१३ च्या सुमारास एका पतंगाच्या अळ्यांनी या झाडांची पाने फस्त केली. दुबळ्या झालेल्या झाडांना नंतर खोडकिड्याने गाठले आणि माथ्याजवळची असंख्य झाडे वाळली. पर्णहीन खोडावर बर्फ धरत नाही, त्यामुळे आज तेथे जुह्योंमध्ये उघडे सुळके दिसतात. पर्यटनासाठी नवे काही उभारण्यापेक्षा हे जंगल सावरणे कितीतरी निकडीचे आहे. उताराच्या खालच्या भागात आपसूक उगवलेली रोपे माथ्याजवळ नेऊन लावण्याचे काम २०१९ मध्ये सुरू झाले; या झाडाची वाढ अतिशय मंद असल्याने ती जुह्यो पेलण्याएवढी व्हायला कित्येक दशके लागतील.