पूररेषेतील घर : इसार देण्यापूर्वी नकाशा पाहा

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा निश्चित करतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दर्शविते, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत निवासी बांधकाम निषिद्ध असते. निळ्या व लाल रेषांमधील पट्ट्यात मात्र सशर्त परवानगी मिळते. त्यामुळे मंजुरी मिळालेली इमारतही पुराच्या कक्षेत असू शकते. पुण्यात २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातील विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले.

सातबारा उताऱ्यावरून पूररेषा कळेलच असे नाही. त्यासाठी विकास आराखड्याचा नकाशा पाहावा लागतो. खरेदीनंतर दाद मागण्याचे मार्ग मर्यादित आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याने त्याला ज्ञात असलेला महत्त्वाचा दोष सांगणे बंधनकारक आहे. परंतु खरेदीदाराला साधारण दक्षतेने कळू शकणाऱ्या दोषास हे बंधन लागू नाही. रेषा सार्वजनिक नकाशात असल्यास 'माहीत नव्हते' हा युक्तिवाद दुबळा ठरतो. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीतील खोट्या माहितीमुळे नुकसान झाल्यास स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते.